रंग एका थेंबावर पालटतो

टायट्रेशनमध्ये फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा रंग पालटतो तो एका थेंबावर. ब्युरेटची तोटी जरा सैल सुटली की फिकट गुलाबीऐवजी भडक गुलाबी होतं आणि रीडिंग वाया जातं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी हे प्रत्येकाशेजारी उभी राहून शिकवते. 2020च्या टाळेबंदीत तेच मोबाइल स्टँडला बांधून दाखवावं लागलं. फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवली, तरी नेट मंदावलं की चित्र थिजायचं. पुन्हा हलेपर्यंत द्रावण गुलाबी झालेलं असायचं. मुलांनी जर्नलमध्ये माझीच रीडिंग्ज उतरवली. अख्ख्या वर्गाचं उत्तर एकच! प्रयोगशाळेत असं कधी होत नाही.

स्टाफरूममध्ये तक्रार एकच होती : मुलं हजेरी लावून गायब होतात. कॅमेरे बंद, माइक बंद, ‘ऐकू येतंय का?’ला उत्तर नाही. मुलांची बाजू मोकळेपणानं कळली ती 20 ऑक्टोबर 2021पासून राज्यातली महाविद्यालयं उघडू लागल्यावर. ‘‘मॅडम, घरात खोली एकच. मागे आईचा स्वयंपाक, आजोबांचा खोकला. कॅमेरा कसा लावणार?’’ एकीनं विचारलं. दुसरा रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून बसायचा. दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारीच संपायचा. लाइव्ह तासापेक्षा व्हॉट्सॲपवरच्या माझ्या छोट्या व्हॉइस नोट्स त्यांच्या जास्त उपयोगी पडल्या. रात्री त्या पुन्हा पुन्हा ऐकता यायच्या. वर्गात कधीच हात वर न करणारी मुलंही मेसेजवर शंका विचारू लागली. ही त्या काळाची खरी कमाई.

परीक्षेबद्दल मात्र शिक्षक आणि विद्यार्थी दोघंही नाराज होते. परीक्षेशिवाय अंतिम वर्ष उत्तीर्ण करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 28 ऑगस्ट 2020ला दिला आणि मुंबई, पुणे विद्यापीठांनी ती बहुपर्यायी प्रश्नांवर उरकली. वर्षभर सविस्तर उत्तरांची तयारी केलेल्यांना ते लागलं.

पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम नीट उभा करायला सहा ते नऊ महिने लागतात, असं ऑनलाइन शिक्षणाचे अभ्यासक चार्ल्स हॉजेस आणि सहकाऱ्यांनी मार्च 2020मध्येच लिहिलं होतं. आम्हाला काही दिवसही मिळाले नाहीत. म्हणून त्या दीड वर्षावरून ऑनलाइन शिक्षणाला नापास ठरवणं अन्यायाचं आहे. रेकॉर्डिंग, व्हॉइस नोट्स आजही चालू ठेवाव्यात. पण ती तुकडी वर्गात परतली तेव्हा पिपेट धरण्यापासून शिकवावं लागलं. वेळापत्रक आखणाऱ्यांना एवढीच विनंती : प्रात्यक्षिकाचा तास पुन्हा पडद्यावर नेऊ नका.