वाट चुकलेल्या कबुतराला आधी विसावा, मग चौकशी

मे 2023 मध्ये मुंबईत चेंबूरजवळच्या पीर पाऊ जेटीवर एक कबूतर सापडले. त्याच्या पायांत कडी होती आणि पंखांखाली चिनी वाटावी अशी अक्षरे. हेरगिरीचा संशय आला आणि ते परळच्या प्राणी रुग्णालयात आठ महिने अडकून पडले. अखेर ते तैवानमधले शर्यतीचे कबूतर असल्याचे निष्पन्न झाले आणि जानेवारी 2024 मध्ये त्याची सुटका झाली. असा पक्षी दिसला की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात : संशय घ्यायचा, नाहीतर हवेत उडवून द्यायचे. दोन्हींत घाई आहे. पायात कडे असलेले आणि माणसाला न बुजणारे कबूतर बहुतेक वेळा दमलेले असते. त्याला आधी विसावा हवा आणि नंतर त्याची ओळख पटायला हवी.

‘कबुतराला वाट ठाऊकच असते, सोडले की जाईल घरी,’ असे कुणी म्हणेल. त्यात अर्धेच तथ्य आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम कीटन यांनी 1971 मध्ये कबुतरांच्या अंगावर छोटे चुंबक बसवले. ढगाळ दिवशी ती गोंधळली, पण ऊन असताना त्यांना दिशा सापडली. इटलीत फ्लोरियानो पापी यांनी वासाचेही महत्त्व दाखवून दिले. म्हणजे सूर्य, पृथ्वीचे चुंबकत्व आणि गंध अशा अनेक खुणांवर कबूतर दिशा ठरवते. पण दिशा कळणे वेगळे आणि तिथवर उडण्याची ताकद असणे वेगळे. वादळाने किंवा ससाण्याने वाटेवरून हुसकलेले कबूतर तासन्‌तास उडून साठवलेली चरबी संपवते. जवळ गेल्यावरही जे उठत नाही, त्याला उडवून देणे म्हणजे मांजराच्या तोंडी देणे.

म्हणून त्याला छिद्रे पाडलेल्या खोक्यात, जुन्या टॉवेलवर, सावलीत शांत ठेवावे. सर्वांत आधी पाणी द्यावे. कबूतर चोच पाण्यात बुडवून, मान वर न करता, पाणी ओढून घेते. त्यामुळे पसरट ताटली कामाची नाही, दोन-तीन सेंटिमीटर खोल आणि न कलंडणारे भांडे हवे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. खायला ज्वारी, मका, वाटाणे असे कोरडे, कच्चे दाणे द्यावेत. पाव आणि दूध नको. नुसता थकवा असेल, तर एक-दोन दिवसांत पक्षी तरतरीत होतो. मात्र मांजराने पकडलेले असेल, तर जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा, कारण मांजराच्या लाळेतले जिवाणू पक्ष्याला मारक ठरतात.

मग कड्याकडे वळावे. पिल्लू साधारण आठवड्याचे असताना हे अखंड कडे पायात सरकवतात. पाय वाढला की ते निघत नाही, म्हणून ओढू किंवा कापू नये. त्यावर सहसा देशाची किंवा कबूतरपालकांच्या संघटनेची अक्षरे, वर्ष आणि क्रमांक असतो. त्याचा स्पष्ट फोटो काढावा, पंख हळूच पसरून त्यावर शिक्का असल्यास त्यात फोन नंबर आहे का तेही पाहावे. मात्र कडे म्हणजे अंतिम पुरावा नव्हे. डिसेंबर 2020 मध्ये मेलबर्नला अमेरिकी कडे असलेले कबूतर सापडले. रोगाच्या भीतीने अधिकाऱ्यांनी त्याला मारण्याची तयारी केली होती, पण अमेरिकी संघटनेने ते कडेच बनावट असल्याचे सांगितले आणि पक्षी वाचला. म्हणून संघटनेला किंवा जवळच्या कबूतरपालकांना विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

कबुतरांच्या विष्ठेने फुफ्फुसांचे आजार होतात, हा आक्षेप खरा आहे आणि 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना बंद झाला तो याच चिंतेतून. पण धोका मुख्यतः दीर्घकाळच्या संपर्काचा असतो. एका पक्ष्याची दोन दिवस सोय करताना मास्क लावणे, हात साबणाने धुणे, खोके स्वयंपाकघरापासून आणि घरच्या पक्ष्यांपासून दूर ठेवणे एवढी काळजी बहुतेकांना पुरते. दमेकऱ्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. शिवाय हा प्रश्न रस्त्यावरच्या थव्यांना दाणे टाकण्याचा नाही. ढाबळीत दाण्यावर वाढलेल्या पक्ष्याला शहरात स्वतःचे पोट भरणे कठीण जाते. माणसाने शर्यतीसाठी घडवलेल्या या पक्ष्याला घरी पोहोचवण्याची जबाबदारीही माणसाचीच आहे आणि ती पार पाडायला पाणी, दाणे आणि दोन दिवसांचा धीर बहुधा पुरेसा होतो.