'पेटंट' आणि 'प्रोप्रायटरी' : एका जोडशब्दाची फोड

पुण्यातील आयुर्वेदीय औषध दुकानांत औषधांचे ढोबळमानाने दोन वर्ग मानले जातात : 'शास्त्रोक्त' आणि 'पेटंट'. सितोपलादि चूर्ण शास्त्रोक्त. एखाद्या फार्मसीने स्वतःचे नाव देऊन आणलेली गोळी 'पेटंट'. आम्ही वैद्यही रुग्णास सहज सांगतो, "हे पेटंट औषध आहे." वस्तुतः अशा बहुतेक औषधांवर कोणतेही पेटंट नसते. ती असतात 'प्रोप्रायटरी', म्हणजे मालकी नावाची. या दोन शब्दांतील अंतर व्यवसायबंधूंनी, विशेषतः फार्मसीचालकांनी, नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

गोंधळाचे एक कारण कायद्याच्या भाषेतच आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० च्या कलम ३ मध्ये 'पेटंट किंवा प्रोप्रायटरी औषध' असा एकच जोडशब्द योजला आहे. आयुर्वेदापुरता त्याचा आशय असा : ज्यातील सर्व घटक पहिल्या अनुसूचीतील प्रमाणग्रंथांतील योगांत आलेले आहेत, परंतु जो योग त्या ग्रंथांत जसाच्या तसा सांगितलेला नाही, असा कल्प. सूचीवेधाने देण्याची औषधे यातून वगळली आहेत. या व्याख्येत पेटंट घेतलेले असण्याची अट कोठेही नाही. व्यवहारात जोडशब्दातील पहिला शब्द तोंडी राहिला आणि दुसरा गळून पडला.

दोन्ही शब्दांचे मूळ लॅटिन आहे. 'पेटंट'च्या मुळाशी 'उघडे असणे' हा अर्थ आहे. इंग्लंडचा राजा ज्या खुल्या, मुद्रांकित पत्राने एखाद्यास हक्क देई, ते 'लेटर्स पेटंट'. सतराव्या-अठराव्या शतकांत काही औषधविक्रेत्यांनी अशी पत्रे मिळविली. पुढे ती नसलेली औषधेही 'पेटंट मेडिसिन' म्हणूनच विकली गेली. म्हणजे हा घोळ आपण निर्माण केलेला नाही, तो आपल्याकडे चालत आला आहे. 'प्रोप्रायटरी'च्या मुळाशी 'स्वतःचे' हा अर्थ आहे. मराठीत पेटंटास 'एकस्व' हा प्रतिशब्द आहे; प्रोप्रायटरीस 'मालकीचे' म्हणता येईल.

आता हक्कांचा विचार करू. फार्मसीस उत्पादनाचा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. २०१० मध्ये आलेल्या नियम १५८-ब नुसार प्रोप्रायटरी कल्पासाठी सुरक्षितता व उपयुक्ततेचे पुरावे मागितले जातात. परंतु परवाना ही उत्पादनाची अनुमती आहे. योगावरील एकाधिकार नव्हे. औषधाच्या नावाचे रक्षण ट्रेडमार्क अधिनियम १९९९ खाली होते. नोंदणी १० वर्षांची असते व पुनःपुन्हा वाढविता येते. एकस्व मात्र एकस्व अधिनियम १९७० खाली मिळते. त्यासाठी शोध नवा, सहज न सुचणारा आणि उद्योगात उपयोगी असावा लागतो. शोधाची कृती संपूर्ण उघड करावी लागते आणि अर्जापासून २० वर्षांनी हक्क संपतो.

आयुर्वेदीय योगास एकस्व मिळणे कठीणच. पारंपरिक ज्ञान, किंवा परंपरेने ज्ञात घटकांच्या ज्ञात गुणांची केवळ बेरीज, यांस कलम ३ (पी) नुसार एकस्व मिळत नाही. ही तरतूद आपल्याच हिताची आहे. हळदीच्या व्रणरोपण गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले होते. त्यास सीएसआयआरने आव्हान दिले. तेव्हा तिचे महासंचालक होते पूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. जुने लिखित पुरावे पुढे ठेवल्यावर १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. जो न्याय परक्यास, तोच आपणासही लागू आहे.

याचा व्यवहारातील अर्थ काय? एखाद्या लहान फार्मसीने वर्षानुवर्षांच्या अनुभवातून योग सिद्ध केला आणि परवाना म्हणजेच 'पेटंट' असे मानून ती निर्धास्त राहिली, तर दुसऱ्याने तोच पाठ वेगळ्या नावाने परवाना घेऊन केल्यास तिच्या हाती फारसे काही राहत नाही. घटक तर लेबलावर छापावेच लागतात. म्हणून नावाची ट्रेडमार्क नोंदणी प्रथम करावी. निर्मितिप्रक्रियेत खरोखर नवे काही असेल, तर परिषदेत निबंध वाचण्यापूर्वी वा लेख छापण्यापूर्वी एकस्वतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा; एकदा जाहीर झालेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने सहसा नवी उरत नाही. तसेच पेटंट नसताना 'पेटंटप्राप्त' अशी जाहिरात करू नये. कलम १२० खाली तो दंडनीय प्रकार आहे.

वैद्यांसाठीही एक सूचना. 'पेटंट' म्हटले की रुग्णास वाटते, सरकारने गुण पारखून शिक्का मारला आहे. खऱ्या एकस्वानेही तसे सिद्ध होत नाही. तेथे शोधाचे नवेपण तपासले जाते, रोग्यास येणारा गुण नव्हे. त्यामुळे "हे अमुक फार्मसीचे स्वतःचे औषध आहे, यात ही ही द्रव्ये आहेत" एवढे सांगणे अधिक सरळ. द्रव्ये वाचून, दोष-दूष्यांचा विचार करून औषध योजणे हे वैद्याचेच काम आहे. लेबलावरील कोणताही शब्द ते त्याच्यासाठी करून देत नाही.