कात टाकणारी टाकी

लंडनच्या अपोथेकरीज हॉलमधले रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ साली १२ गॅलनच्या एका भांड्यात दोन छोटे गोल्डफिश सोडले. तळाशी वाळू, चिखल आणि थोडे दगड होते. त्यात पट्टीसारख्या लांब पानांची व्हॅलिसनेरिया लावलेली होती. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासे तो घेतील, असा हिशोब होता. तो काही काळ जुळलाही. मग जुनी पानं कुजू लागली, पाणी गढुळलं, हिरवं शेवाळ धरलं आणि माशांच्या जिवावर बेतण्याची वेळ आली.

वॉरिंग्टननी भांडं रिकामं केलं नाही. तळ्यात हीच पानं कुजतात, तिथे त्यांचा निकाल कोण लावतं, याचा त्यांनी विचार केला आणि पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकं आणि शेवाळ फस्त केलं, पाणी निवळलं. त्यांची अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली, हा वरचा फायदा. १८५० मध्ये वॉरिंग्टननी ही निरीक्षणं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडली आणि वनस्पती लावलेल्या टाकीचं शास्त्र सुरू झालं. म्हणजे या छंदाच्या पहिल्याच पानावर बिघडलेली टाकी आहे, आणि ती सावरण्याची रीतही तिथेच आहे: जे तग धरून आहे ते हलवू नका, उणीव काय आहे ते शोधा.

आज अशा टाक्यांमध्ये गोगलगायीच्या जोडीला कोळंबी आली आहे. ताटातली नव्हे, गोड्या पाण्यातली दोन-तीन सेंटिमीटरची. हौशी मंडळी तिला सरसकट 'श्रिंप' म्हणतात. तिला टाकीत मानाचं स्थान दिलं जपानच्या ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी. नीगाताचे अमानो व्यावसायिक सायकलपटू आणि निसर्गछायाचित्रकार. दगड, लाकूड आणि हिरवळ वापरून ते काचेत अख्खं निसर्गदृश्य उभं करायचे, पण शेवाळ त्यावर पाणी फिरवायचं. निरनिराळ्या कोळंब्या वापरून पाहिल्यावर त्यांना जपानी ओढ्यांतली 'यामातो नुमा एबी' पसंत पडली. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ विल्यम स्टिम्पसन यांनी १८६० मध्येच तिचं वर्णन करून ठेवलं होतं, पण आता जगभर ती 'अमानो श्रिंप' म्हणूनच ओळखली जाते. अमानोंचं अखेरचं मोठं काम लिस्बनच्या मत्स्यालयात आहे. २०१५ मध्ये खुली झालेली ती टाकी ४० मीटर लांब आहे आणि तिच्यात १,६०,००० लिटर गोडं पाणी आहे.

अमानो श्रिंपची प्रजा घरच्या टाकीत वाढत नाही, कारण तिच्या अळ्यांना खारं पाणी लागतं. चेरी श्रिंपचं तसं नाही. चीन आणि तैवान भागातली ही मूळची मातकट रंगाची जात. पैदास करणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवड करून तिला लाल, पिवळे, निळे रंग आणले. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली धरून त्यांना सतत पाण्याचा वारा घालत राहते आणि पिल्लं थेट मोठ्यांच्याच रूपात बाहेर पडतात, अळीची अवस्था नसतेच. आयुष्य जेमतेम एक-दोन वर्षांचं. दहा आणल्या की सहा महिन्यांत शंभर झाल्या, हे या छंदात नेहमी ऐकू येतं. तितक्याच वेळा हेही ऐकू येतं, की शंभर होत्या आणि एका रात्रीत सगळ्या गेल्या.

एका रात्रीत का जातात, हे समजून घेण्यासारखं आहे. पहिलं कारण डोळ्यांना दिसत नाही. विष्ठा आणि कुजकी पानं यांतून अमोनिया सुटतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही घातक, तिसरा बराच सौम्य आणि वनस्पतींना खत म्हणून उपयोगी. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या मातीत राहतात, आणि त्यांची वस्ती पुरेशी व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी दुकानातून आणली, भरली आणि त्याच रविवारी श्रिंप सोडल्या, तर त्यांच्या वाट्याला नुसता अमोनिया येतो. बाजारातली खतावलेली 'ॲक्वासॉइल' माती तर सुरुवातीचे काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडत असते.

दुसरं कारण दिवाळीच्या तोंडावर हमखास उद्भवतं. घराची साफसफाई निघते, पेस्ट कंट्रोलवाले येतात, संध्याकाळी डासांचं मशीन लागतं. या फवाऱ्यांत आणि मशीनमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात. कोळंबी ही कीटकांची लांबची नातेवाईक आहे. माणसाला ज्याचा वासही जाणवत नाही, ते तिला मारू शकतं. आणि हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलत असतो! फवारणीच्या दिवशी टाकी दुसऱ्या खोलीत नेणं जमलं तर उत्तम. नाहीच जमलं, तर वर प्लास्टिकचं घट्ट आच्छादन आणि पंपाची नळी बाहेरच्या स्वच्छ हवेत, एवढं तरी कराच.

तिसरं तांबं. यात निसर्गाची गंमत आहे: कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोसायनिनमध्ये तांबंच असतं, तरी पाण्यात विरघळलेलं तांबं तिला सोसत नाही. माशांच्या अनेक औषधांत कॉपर सल्फेट असतं. मासे बरे होतात, श्रिंप संपतात. देवघराजवळच्या तांब्याच्या हंड्यातलं रात्रभर ठेवलेलं पाणी टाकीत ओतू नये, ते यासाठीच.

नळाच्या पाण्याचं दुखणं वेगळं. क्लोरीन जीवाणूंना आणि श्रिंपना सारखंच घातक, म्हणून सोडियम थायोसल्फेटचे थेंब घालून मगच पाणी वापरायचं. तलावातून येणारं मुंबईचं पाणी मऊ, तर बेसॉल्टच्या कातळातून उपसलेलं बोअरचं पाणी जड. श्रिंप दर काही आठवड्यांनी कात टाकते आणि नव्या कवचासाठी पाण्यातलं कॅल्शियम घेते. पाणी फार मऊ असलं किंवा एकदम बदललं, की कात अर्धवट अडकते, मानेपाशी पांढरी कडी दिसते आणि जीव जातो. निम्मी टाकी एका दमात बदलणारा माणूस स्वच्छतेच्या हौसेने हेच घडवून आणतो. (सुटलेली रिकामी कात पाहून 'मेली' म्हणून हळहळू नये. ती तिथेच राहू द्यावी, श्रिंप ती खाऊन टाकतात.)

उन्हाळ्याचं गणित सरळ आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ७.५. त्यात वीज गेली, फिल्टर थांबला, की आतले जीवाणूही गुदमरतात. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. विदर्भाच्या कोरड्या मे महिन्यात हे छान साधतं, कोकणातल्या दमट हवेत कमी. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी आरओचंच पाणी भरावं, कारण क्षार मागेच उरलेले असतात.

आता ढासळलेल्या टाकीकडे वळू. पहिला हात साबणाकडे आणि ब्रशकडे जातो, आणि इथेच दुसरं नुकसान होतं. मृत जीव आणि सडकी पानं काढावीत, पाव टाकीपर्यंत पाणी त्याच तापमानाचं घालून बदलावं, अमोनिया तपासावा. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळावा, नळाखाली कधीच नाही. तळावर साचलेला तपकिरी गाळ घाण वाटतो, पण जीवाणूंचं आणि पिल्लांच्या खाद्याचं तेच कोठार. अपवाद विषबाधेचा: कीटकनाशक गेलं असेल तर सक्रिय कोळसा फिल्टरमध्ये घालून, रोज थोडं थोडं करत पाणी बदलावं लागतं. तांब्याचं औषध गेलं असेल तर ते मातीत धरून राहतं, तिथे माती बदललेली बरी.

वनस्पतींचंही असंच. क्रिप्टोकोरिनची सगळी पानं विरघळून जातात आणि लोक मुळं उपटून फेकतात. मुळं शाबूत असली तर काही आठवड्यांत तिथूनच कोंब फुटतो. या वनस्पती-गटाशी आपलं नातं जवळचं आहे: क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा ही जात कोकणातलीच, जगात इतरत्र कुठे सापडत नाही. ती ओढ्यातून उपटून आणू नये, हे वेगळं सांगायला नको. नव्याने उभारताना जावा मॉस, जावा फर्न, अनुबियास अशा कमी उजेडावर भागणाऱ्या वनस्पतींपासून सुरुवात केलेली बरी. डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं, की बऱ्याच पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात. म्हणजे जोमाने वाढणारी हिरवळ हाच निम्मा फिल्टर.

परदेशात श्रिंपसाठी पाकिटात विकली जाणारी एक वस्तू आपल्याकडे शाळेच्या पटांगणात पडलेली असते: देशी बदामाचं लाल होऊन गळलेलं पान. फवारणी न झालेल्या झाडाचं असावं, धुऊन, वाळवून टाकीत सोडावं. त्यावर जीवाणूंचा जो बुळबुळीत थर चढतो, तोच श्रिंपचा खरा आहार. शेवग्याचा वाळवलेला पाला, उकळलेला पालक हे अधूनमधून. जास्तीच्या श्रिंप मात्र कधी ओढ्यात किंवा तलावात सोडू नयेत. जर्मनीत आणि हवाईत चेरी श्रिंप अशाच निसर्गात जाऊन रुजल्या आहेत.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, नवी पानं फुटू लागली, काचेवर हलकासा हिरवा थर दिसला की दहा श्रिंप आणाव्यात. हवेच्या नळीला गाठ मारून थेंब थेंब पाणी पिशवीत सोडत तास-दीड तास घ्यावा. मग वाट पाहायची. एखाद्या मादीच्या पोटाखाली पिवळसर अंडी दिसली, की आणखी तीन आठवड्यांच्या आसपास रात्री दिवा घालवून बदामाच्या पानावर टॉर्च धरावा. पानाची आता नुसती जाळी उरलेली असते, आणि त्या जाळीच्या शिरांवर एक-दोन मिलिमीटरची पिल्लं चरत असतात, हुबेहूब आईसारखी, फक्त अजून पारदर्शक.