क्लास डायग्राममधल्या रेषा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्लास डायग्राममधली प्रत्येक रेषा प्रोग्रॅमला एक नियम घालून देते. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन यांनी घडवलेल्या यूएमएल या चिन्हपद्धतीला ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने १९९७ मध्ये मान्यता दिली. तरीही तिच्यातल्या या रेषांचे अर्थ अनेकदा अंदाजाने लावले जातात आणि ती चूक थेट कोडमध्ये उतरते.

गैरसमज: इनहेरिटन्सचा बाण पालक क्लासकडून वारसाकडे जातो.

वस्तुस्थिती: बाण उलटा असतो. पोकळ त्रिकोण पालकाच्या टोकाला येतो, कारण 'बचतखातं' हा क्लास 'खातं' या क्लासवर विसंबून असतो. 'खातं'ला आपले वारस कोण, हे ठाऊक असण्याची गरज नसते.

गैरसमज: 'हा त्याचाच एक प्रकार' म्हणता आलं की इनहेरिटन्स योग्यच.

वस्तुस्थिती: भूमितीत चौरस हा आयतच. पण आयताची रुंदी तशीच ठेवून लांबी बदलता येते, चौरसाची नाही. म्हणून आयतासाठी लिहिलेला कोड चौरस हाती येताच फसतो. पालकाच्या जागी वारस ठेवला तरी प्रोग्रॅमचं वागणं बिघडू नये, हा निकष बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडला.

असाच फसलेला वारसा जावातही दिसतो: तिथला स्टॅक हा क्लास व्हेक्टर या यादी सांभाळणाऱ्या क्लासचा वारस आहे. स्टॅकमध्ये शेवटी ठेवलेलं आधी निघायला हवं, पण व्हेक्टरच्या मेथड वारशाने आल्यामुळे त्यात मधेच काहीही घुसवता येतं. व्हेक्टर आत दडवून ठेवला असता, तर हा दरवाजा बंद राहिला असता. जावाचं अधिकृत डॉक्युमेंटेशन स्टॅकऐवजी डेक (Deque) हा इंटरफेस वापरायला सुचवतं.

गैरसमज: भरीव हिरा म्हणजे भाग कधीच सुटा होत नाही, आणि पोकळ हिऱ्यालाही तितकाच नेमका अर्थ असतो.

वस्तुस्थिती: भरीव हिरा म्हणजे कॉम्पोझिशन. तो पूर्णाच्या टोकाला, म्हणजे 'बिल' आणि 'नोंद' यांच्यात 'बिल'कडे काढतात. एक नोंद एका वेळी एकाच बिलाची असते आणि सहसा बिलासोबतच नष्ट होते. मात्र त्याआधी ती बिलातून काढून घेतली, तर टिकू शकते.

पोकळ हिऱ्याचा, म्हणजे ॲग्रिगेशनचा, नेमका अर्थ यूएमएलने आराखडा करणाऱ्यावरच सोडला आहे. खुद्द रम्बॉ यांनी त्याला 'प्लासिबो' म्हटलं होतं. त्यापेक्षा साधी रेषा आणि टोकांवरचे आकडे जास्त सांगतात. 'संघ'च्या टोकाला '०..१' असेल, तर खेळाडू संघाविनाही असू शकतो. तिथे '१' लिहिलं, की संघ ठरल्याशिवाय खेळाडूची नोंदच करता येत नाही.