घाटघरच्या वाटेवर शॉक सेट करताना

जुन्नरहून आपटाळे, चावंड करत घाटघरला पोचलं की डांबरी रस्ता नाणेघाटाच्या तोंडाकडे निघून जातो आणि जीवधनच्या पायथ्याशी गाडीवाटा, पायवाटा सुरू होतात. माउंटन बाइकचा मागचा शॉक सेट करायला मला ही जागा फार आवडते. आमच्या नेहमीच्या टप्प्यात आधी उघडा कातळ लागतो, मग मुठीएवढ्या गोट्यांनी भरलेली गाडीवाट, ओढ्यापाशी एक खोल वळण आणि त्यापलीकडे गुडघाभर उंचीची दगडी पायरी. मोठ्या उतारावर शॉक शेवटी किती मार सोसतो एवढं कळतं. मधल्या चालीत तो कसा वागतो हे कळायला असली मिसळ वाट लागते, आणि हवेच्या शॉकचं दुखणं बहुतेक वेळा मधल्या चालीतच असतं.

भाच्याच्या सायकलीचंही तेच होतं. मागच्या चाकाला १४० मिलिमीटर चाल आणि शॉकचा दांडा आत जाणार ५५ मिलिमीटर. म्हणजे चाक सरासरी अडीच मिलिमीटर वर उचललं की दांडा एक मिलिमीटर दबतो. "मामा, वळणात मागून बसते आणि पुढचं चाक बाहेर पळतं," ही त्याची तक्रार. गोट्यांवर पॅडलही दगडाला लागत होतं. दोन्हींचं मूळ एकच. मागची बाजू खाली गेली की पॅडलचा धुरा जमिनीजवळ येतो, पुढच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते पकड सोडतं.

यावर लोक सरळ हवा वाढवतात. सायकल बसायची थांबते, पण मग लहान दगडावर मागचं चाक टणटण उडायला लागतं आणि स्वार हैराण होतो. हा झाला कडकपणा. आधार म्हणजे शॉक सुरुवातीला मऊ राहून, अर्ध्यावर गेल्यावर पायाखाली काहीतरी भक्कम लागणं. तो मिळवायचा तर हवेखेरीज आणखी दोन-तीन गोष्टींना हात लावावा लागतो, आणि क्रम चुकला तर दिवस फुकट जातो.

पहिलं काम सॅग मोजण्याचं. नुसत्या वजनाने शॉक किती दबतो, तो सॅग. पाठीवर सॅक, सॅकेत पाणी, डोक्यावर हेल्मेट, सगळा जामानिमा चढवून भाचा दोन्ही पॅडलांवर उभा राहिला आणि मी हँडल धरलं. दांड्यावरची रबरी ओ-रिंग वर सरकवली. तो झटका न देता हळूच उतरला. रिंग १९ मिलिमीटरवर होती, म्हणजे जवळजवळ ३५ टक्के. अशा सायकलीला ३०च्या आसपास हवा, म्हणजे साडेसोळा. १६५ पीएसआयवरून १८०वर नेल्यावर रिंग सोळाच्या थोडी पुढे थांबली.

शॉकचा पंप पाहायला किरकोळ, पण त्याच्या दोन गोष्टी ठाऊक हव्यात. व्हॉल्व्हवर बसवला की शॉकमधली थोडी हवा पंपाच्या नळीत जाते आणि काटा खरा दाब होता त्याहून कमी दाखवतो. म्हणून "बघू किती आहे" म्हणून नुसता लावून काढला तरी हवा कमी होते. काढताना जो फुस्स आवाज येतो तो मात्र नळीतल्या हवेचा, त्याने घाबरायचं कारण नाही. शिवाय शॉकमध्ये हवेचे दोन कप्पे असतात. मोठा कप्पा दांड्याला बाहेर ढकलतो. छोटा उलट बाजूने ओढतो, त्यामुळे सुरुवात मऊ होते. हवा भरल्यावर सीट दाबून शॉक दहाएक वेळा सावकाश खालीवर केला की दोन्ही कप्प्यांतला दाब समान होतो. मग काटा पुन्हा उतरलेला दिसतो आणि पुन्हा भरावं लागतं. ही पायरी गाळली तर पुढची सगळी मापं खोटी.

आम्ही हे करत असताना गुरं घेऊन चाललेले एक बाबा थांबले. "पंक्चर झालंय का?"

"नाही बाबा, शॉक बघतोय."

"मोटारसायकलला असतो तसला?"

"तसलाच. आत स्प्रिंगऐवजी हवा आहे."

"मग गळत नसंल का ती?"

नेमका प्रश्न. गळते, सील झिजली की गळते, आणि सील झिजवते ती धूळ. उन्हाळ्यात या वाटांवरची बारीक माती दांड्यावर बसते आणि प्रत्येक दाबाबरोबर आत ओढली जाते. ओ-रिंगला हात लावण्याआधी दांडा मऊ फडक्याने पुसायचा, हे मी भाच्याला सारखं सांगतो.

सॅग नीट झाल्यावर तो गोट्यांच्या वाटेवरून आला आणि मी वळणापाशी उकिडवा बसून मागचं चाक पाहत राहिलो. पहिल्या दोन-तीन गोट्यांवर ठीक होतं. पुढे मात्र चाक दगडावरून उतरून जमिनीला टेकायच्या आत दुसरा दगड येत होता. शॉक पुरता उघडतच नव्हता. प्रत्येक धक्क्याला तो आणखी खाली राही आणि वळणात येईपर्यंत अर्धी चाल संपलेली असे. आधार नाही अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हीच शंका घेतो, कारण रीबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग, फार संथ ठेवलेला शॉक स्वाराला मऊ शॉकसारखाच वाटतो. रीबाउंडची लाल चकती तीन खटके उघडली. पुढच्या फेरीत चाक जमिनीला चिकटून आलं, पॅडल लागलं नाही, आणि अर्धी तक्रार तिथेच मिटली.

उरली पायरी. तिच्यावरून उतरताना शॉक अजूनही तळाला टेकत होता, ओ-रिंग दांड्याच्या टोकाला गेलेली. त्यावर उपाय म्हणजे हवेच्या कप्प्यात प्लॅस्टिकचे तुकडे बसवून जागा कमी करणं. यामागे रॉबर्ट बॉइलचा १६६२चा नियम आहे. समजा कप्पा १५० घनसेंटीमीटरचा आहे आणि शॉक पुरता दबला की त्यातले १०० कमी होतात. दाब तिप्पट होईल. १५ घनसेंटीमीटरचा तुकडा टाकला तर १३५चे ३५ उरतात, दाब पावणेचार पटींच्याही वर जातो. शेवटाला जवळजवळ २९ टक्क्यांची भर. अर्ध्या चालीत हाच हिशेब केला तर भर जेमतेम ६ टक्के भरते. म्हणून तळाला टेकण्यावर तुकडा हे चांगलं औषध आहे, मधल्या बसकेपणावर मात्र दुबळं. मधल्यासाठी काही कंपन्या छोटा कप्पा मोठा करणारी जोडणी देतात. तिने सुरुवात इतकी मऊ होते की तोच सॅग राखायला जास्त हवा भरावी लागते, आणि ती जादा हवा मध्यावर उभी राहते. मला हा मार्ग जास्त पटतो, पण प्रत्येक शॉकला तो उपलब्ध नसतो.

तुकडा बसवायला शॉक उघडावा लागतो. उघडण्याआधी सगळी हवा सावकाश काढायची, मध्येमध्ये शॉक हलवत, म्हणजे छोट्या कप्प्यातलीही निघते. हवा काढल्यावर दांडा आतच अडकून बसला तर आत दाब कोंडलेला आहे असं समजायचं आणि शॉक सरळ सर्व्हिसवाल्याकडे द्यायचा. त्या अवस्थेत शॉकचा हवेचा डबा फिरवला तर तो सुटून इजा होऊ शकते. आम्ही गाडीच्या डिकीत स्वच्छ चादर पसरून एक तुकडा बसवला. पायरीवर रिंग टोकापासून चार मिलिमीटर अलीकडे थांबली.

निळी चकती, म्हणजे कॉम्प्रेशन, मी शेवटी फिरवतो. ती तेलाची वाट अरुंद करते, त्यामुळे ती दांडा हलत असतानाच काम करते. लांब वळणात स्वार स्थिर झाला की तिचा आधार संपतो. फक्त दोन खटके दिले, वळणात शिरतानाचा धसका कमी करण्यापुरते.

भाच्याला जोर चढला होता, नाणेघाटाच्या फरसबंदीवरून उतरून बघू म्हणाला. मी नाही म्हटलं. सातवाहनांच्या काळापासूनची वाट आहे ती, वर लेण्यात नागनिकेचा शिलालेख आहे. तिथे पायी जावं.

थंडीच्या दिवसांत इथे आणखी एक भान ठेवावं लागतं. सकाळी १२ अंशांना भरलेले १८० पीएसआय दुपारी ३२ अंशांना १९३च्या पुढे जातात. कुणी हात लावलेला नसतानाही शॉक ताठ वाटतो. म्हणून आकड्यांशेजारी वेळही लिहायची आणि मोजमाप सावलीत घ्यायचं.

त्या दिवशीची वहीतली नोंद: १८० पीएसआय, सॅग १६, रीबाउंड तीन खटके उघडा, एक तुकडा, कॉम्प्रेशन दोन. खाली भाच्याने स्वतः लिहिलं की आता ब्रेक लावताना पुढून जास्त बुडते. बरोबरच आहे, मागची बाजू वर राहिली की पुढच्यावर भार वाढतो. पुढच्या फोर्कमध्ये पाच पीएसआय वाढवून पुन्हा त्याच वाटेवर जायचं ठरलं आहे.