माळवद गेलं, स्लॅब आला; आता घर थंड कसं ठेवायचं?

एप्रिल-मे महिन्यात भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद कुठंही जा, रात्री नऊ-दहाला निम्मं गाव अंगणात नाहीतर गच्चीवर असतं. घरात पंखा फुल्ल असतो, पण वारा गरम. अशा वेळी घरातलं एखादं म्हातारं माणूस हमखास म्हणतं, "आमच्या माळवदात असं होत नव्हतं." खरंच होत नव्हतं. मग ते माळवद आपण सोडलं का, आणि त्यातलं चांगलं तेवढं आजच्या घरात परत आणता येईल का, हे नीट समजून घेऊ.

आधी माळवद. लाकडी खांब, तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर. हा थर दीड-दोन फुटांचा असायचा. उन्हाची ऊब एवढ्या मातीतून खाली उतरायला बारा तासांहून जास्त लागतात, तोवर रात्र होऊन वरची माती गार व्हायला लागते. म्हणून खोलीत दुपार आणि मध्यरात्र यात फारसा फरक जाणवत नसे. स्लॅबचं उलटं आहे. चार-पाच इंचांचं काँक्रीट दुपारभर तापतं आणि त्याची ऊब तीन-चार तासांत खाली पोचते. म्हणजे नेमकं संध्याकाळी, माणूस घरी येऊन टेकतो तेव्हा, छत वरून शेकायला लागतं. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत भट्टी. भिंतीपेक्षा छतावर ऊन जास्त वेळ आणि सरळ पडतं, त्यामुळे बैठ्या घराचा उकाडा मुख्यतः वरूनच येतो.

मग सोडलं का? कारण ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारी. लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं झोपेत गेली. बहुतेक जण घराच्याच दगड-मातीखाली सापडले. साधा हिशेब करा. दहा बाय बाराच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दहा टनांहून जास्त वजन, कोरडी असताना. पावसात भिजली की आणखी जड. वर गळती लागली की दरवर्षी मातीचा नवा थर टाकायची आपली रीत, जुना कुणी काढत नसे. खाली भिंती दोन-तीन फूट जाड, पण दगड मातीत रचलेले. आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे भर. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगडच नाही. हादरा बसला तसे पदर फाकले आणि छत खाली आलं. जिथं छताचा भार भिंतीवर नव्हता, लाकडी खांब-तुळईच्या खणांवर होता, तिथं भिंत बाहेर पडूनही काही ठिकाणी छत उभं राहिलं. ही गोष्ट फारशी कुणी लक्षात ठेवली नाही. लक्षात राहिलं एवढंच, की माळवद मारतं.

त्यानंतर उमरगा-निलंग्यापासून आपल्या बाजूच्या गावांपर्यंत ज्याच्या हातात पैसा आला त्यानं स्लॅब टाकला. बरोबरच केलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिंचोळी तालुक्यातल्या गडिकेश्वर परिसरात धक्क्यांवर धक्के बसले, लोक घर सोडून बाहेर झोपले, तेव्हा ती भीती पुन्हा ताजी झाली. त्यामुळे "जुनं ते सोनं, परत मातीची घरं बांधा" असं शहरातून येऊन कुणी सांगत असेल तर जरा जपून ऐका. आपल्याला हवाय माळवदाचा गारवा, त्याचं वजन नको.

केंद्र सरकारच्या बीईईनं २०१८ साली घरांसाठी 'इको-निवास संहिता' काढली. छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिच्यात दिली आहे. आपला नुसता उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो. म्हणजे दुरुस्ती सुरू करायची ती वरूनच.

सगळ्यात स्वस्त उपाय चुना. करड्या, काळवंडलेल्या स्लॅबवर पडलेल्या उन्हातला मोठा वाटा स्लॅबच पिऊन टाकतो. पांढराशुभ्र केला की बराचसा परत जातो. खोलीत साधारण दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो, घर कसं आहे त्यावर अवलंबून. शेजारच्या तेलंगणानं तर २०२३ मध्ये 'कूल रूफ' धोरणच आणलं, सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते सक्तीचं केलं. जहिराबाद बीदरहून हाकेच्या अंतरावर, ऊन तेच. आपल्याकडे सक्ती नसली तरी कुणी अडवलेलंही नाही.

करायचं असं. आधी गच्ची झाडून, घासून धुवायची, शेवाळ राहता कामा नये. भेगा असतील तर बुजवून घ्यायच्या. कळीचा चुना रात्रभर भिजवून फडक्यानं गाळायचा, दुधासारखा पातळ करायचा, त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि फेव्हिकॉलसारखा डिंक. स्लॅब ओलसर करून संध्याकाळी पातळ हात मारायचा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, आडवा. चुना डोळ्यात गेला तर वाईट भाजतो, म्हणून चष्मा घाला आणि पोरांना वर येऊ देऊ नका. आमच्या घरी पहिल्या वर्षी डिंक न घालता एकच जाड हात मारला होता. वळवाच्या एका सरीत सगळा चुना पन्हाळीतून अंगणात आला, आणि वर आईची बोलणी खाल्ली ती वेगळी. नीट केलेला चुनाही एक-दोन उन्हाळेच टिकतो, आणि धूळ बसली की काम कमी करतो, मधे एकदा गच्ची धुवावी लागते. ज्यांना जास्त टिकाऊ हवं त्यांनी पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करावा. गळती असेल तर खाली ब्रिकबॅट कोबा आणि वर पांढऱ्या टाइल्स, एका कामात दोन्ही होतं. मात्र कोब्याचं वजन जुन्या स्लॅबला झेपेल का, हे इंजिनियरला दाखवल्याशिवाय टाकू नका. नाहीतर माळवदाचीच चूक पुन्हा सिमेंटमध्ये.

दुसरा उपाय सावली, आणि इथं आपल्याकडे एक फुकटची वस्तू आहे. कलबुर्गी म्हणजे तुरीचं कोठार. रास झाली की तुराट्या ढिगानं पडतात, निम्म्या चुलीत जातात. त्याच तुराट्यांच्या तट्ट्या विणून गच्चीवर दोन-तीन फूट उंच मांडव घातला तर ऊन स्लॅबपर्यंत पोचतच नाही, आणि मधून वारा खेळतो. फक्त चुलीचं धुराडं आणि विजेच्या तारा लांब हव्यात, वाळलेली तुराटी कशी पेटते हे सांगायला नको. पत्र्याच्या घरात हाच उपाय उलट्या बाजूनं करता येतो. पत्रा वरून पांढरा आणि खाली वीतभर जागा सोडून तट्टीचं छत. उकाड्याचा सगळ्यात जास्त मार पत्र्याखालच्या माणसाला बसतो आणि त्याच्यासाठी सगळ्यात कमी लिहिलं जातं.

भिंतींचं थोडक्यात. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते, तिकडं मोठी खिडकी ठेवू नका. जागा असेल तर लिंब लावा, गोठा किंवा न्हाणी त्या बाजूला काढा. खिडकीवर शहाबादी फरशीचा छज्जा पूर्वी सर्रास असायचा, हल्ली नवीन घरं सपाट तोंडाची बांधतात आणि मग पडदे लावतात. बीदर-हुमनाबादकडे जांभा मिळतो, सच्छिद्र दगड, उघड्यावर आणखी टणक होणारा. सिमेंट ब्लॉकच्या पातळ भिंतीपेक्षा तो उन्हाला बरा. पण दगड कुठलाही असो, आरपार जोडदगड घालायचे आणि पायथा, दाराच्या वरची पातळी, छत अशा तिन्ही ठिकाणी घराभोवती सळईचा अखंड काँक्रीट पट्टा फिरवायचा. गवंडी "आपल्याकडं कुठं भूकंप" म्हणाला तर त्याला किल्लारी किती किलोमीटरवर आहे ते विचारा.

नवीन स्लॅब टाकणाऱ्यांसाठी 'फिलर स्लॅब' हा पर्याय आहे. लॉरी बेकर यांनी केरळात तो लोकप्रिय केला. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसा भार घेत नाही, म्हणून तिथं सळयांच्या मधे कौलं किंवा उपडी मडकी ठेवतात. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, आणि अडकलेली हवा ऊब रोखते. पण हे काम पूर्वी केलेला गवंडीच हवा. घरकुलाला आवास योजनेत मिळतात १ लाख २० हजार. त्यात प्रयोग करायला जागा नसते हे मान्य, म्हणून निदान चुना तरी.

आता बिल. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योतीत २०० युनिटपर्यंत वीज मोफत आहे, पण तुमच्या आधीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरूनच. २०० ओलांडले की जेस्कॉम पूर्ण बिल लावतं. दीड टनाचा एसी रोज आठ तास चालवला तर एकटाच महिन्याला २०० च्या पुढं जातो. कूलर दहा तास चालला तरी ४५ ते ६० युनिट. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर छान काम करतो, फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर नुसता दमटपणा साठतो. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसाला सोळा तास धरले तर एका पंख्यामागं महिन्याला वीसेक युनिट वाचतात. पलीकडच्या उदगीर-देगलूरच्या वाचकांना गृहज्योती नाही, त्यांच्या खिशाला हा हिशेब आणखी लवकर कळेल. दोन्हीकडे लागू आहे ती केंद्राची सूर्यघर योजना: एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार अनुदान. पॅनेल स्लॅबवर सावलीही धरतात. पण तापलेल्या घरावर आधी पॅनेल लावून मग त्या विजेवर एसी चालवणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणं. आधी छत पांढरं करा.

राहता राहिली ती माणसं, जी अजून जुन्या माळवदातच राहतात. औराद, आळंदच्या खेड्यांत अशी घरं आहेत. पाडून नवीन बांधायला पैसा नसेल तर निदान वरची माती कमी करा. वर्षानुवर्षांचे थर उतरवून आठ इंच ठेवायचे, मधे जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा म्हणजे गळतीसाठी पुन्हा माती टाकावी लागत नाही, वरून पांढऱ्या मातीचा नाहीतर चुन्याचा हात. माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा, एकाच कडेनं नाही. खांब-तुळया वाळवीनं पोकळ झाल्यात का ते ठोकून बघा, आणि जोड लोखंडी पट्ट्यांनी आवळून घ्या. काम होळीनंतर, वळवाच्या आधी, कोरड्या दिवसांत. आणि चालू असेपर्यंत त्या खोलीत कुणीही झोपायचं नाही.