माती, गादी आणि गदा

भोसरीत 2013 साली महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला आणि नरसिंग यादवने चांदीची गदा सलग तिसऱ्यांदा खांद्यावर घेतली. अकलूज, गोंदिया, भोसरी अशी हॅटट्रिक तोवर कुणाला साधली नव्हती. पुढच्या तीन वर्षांत विजय चौधरीने त्याची बरोबरी केली.

1961 साली औरंगाबादला दिनकर दह्यारींपासून सुरू झालेल्या या किताबाची घडण न्यारी आहे. जिल्ह्या-शहरांचे संघ येतात; पुणे शहर, पुणे जिल्हा आणि पिंपरी-चिंचवड यांचे मल्ल वेगवेगळे उतरतात. किताबाचा गट 86 ते 125 किलोंचा, आणि त्याचे दोन विभाग : माती आणि गादी. माती विभागात पैलवान अनवाणी उतरतो. ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेली तांबडी माती अंगाला लागते, पकड बसते. गादीवर पायात बूट, अंगात कॉस्च्युम. दोन्हींकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. ती कुस्ती मात्र गादीवर. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, रेषेबाहेर गेलात की समोरच्याला गुण, दहा गुणांची आघाडी झाली की खेळ खल्लास. चितपट केले तर गुणांचा हिशेबच नको.

मातीवाल्याला हे अवघड जाणारच. समांतर भरलेल्या वेगळ्या स्पर्धा सोडून 2017 ते 2025 मधल्या सात अंतिम लढती मोजा. अभिजित कटके, हर्षवर्धन सदगीर, पृथ्वीराज पाटील, शिवराज राक्षे, पृथ्वीराज मोहोळ : पाच गदा गादीवाल्यांच्या. मातीच्या वाट्याला दोन.

पण त्या दोन कशा आल्या ते पाहा. 2018 मध्ये बाला रफिक शेखने गतविजेत्या कटकेला 11-3 असे लोळवले. नोव्हेंबर 2023 मध्ये सिकंदर शेखने राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत आस्मान दाखवले. उलट गादीवाल्यांपैकी सदगीर 3-2, पाटील 5-4 असे काठावर निसटले. राक्षे मात्र जानेवारी 2023 मध्ये महेंद्र गायकवाडला मिनिटभरात चीत करून जिंकला आणि त्याच वर्षी हरला. 2025 ला गादी विभागात मोहोळविरुद्धचा निकाल त्याला मान्य नव्हता. पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली.

म्हणजे गादी मातीला थोपवते, पण अनेकदा एखाद-दुसऱ्या गुणाने. माती जिंकते तेव्हा पंचांकडे दाद मागायला जागा ठेवत नाही. तालमीत मातीसोबत गादीही अंथरली जाते, ती शेवटची कुस्ती गादीवर असते म्हणूनच.